राखणीचे कुत्रे आणि गावाची जबाबदारी

(सरपंच, पंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि प्राथमिक शिक्षक यांच्या एकत्रित वर्गात माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पिण्याचे पाणी, रस्ते, शाळाखोल्या, पीकविमा असे मोठे प्रश्न समोर असताना कुत्र्यांविषयी बोलण्यासाठी एवढी मंडळी का जमवावी, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु श्वानदंशातून होणारा रेबीज, म्हणजे आपण ज्याला कुत्रा पिसाळण्याचा रोग म्हणतो तो, असा विलक्षण रोग आहे की, त्याची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे रोगी वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. आणि चावा घेतल्याबरोबर योग्य उपचार झाले तर तोच रोग हमखास टाळता येतो. मृत्यू आणि जीवन यांच्यामधील अंतर येथे काही तासांच्या दक्षतेचे असते. ही दक्षता घेणारी माणसे म्हणजे आपणच आहोत. म्हणून हा विषय किरकोळ नाही.

आपल्या जिल्ह्याचे वेगळेपण

अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर असे नामकरण २०२४ साली झाले. चौदा तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगराळ भागापासून जामखेड-कर्जतच्या माळरानापर्यंत येथील वस्तीची रीत बरीचशी सारखी आहे. गावठाण लहान, आणि बहुसंख्य कुटुंबे मळ्यात, वाडी-वस्तीवर विखुरलेली. अशा एकाकी घराला राखणीचा कुत्रा हा शोभेचा विषय नसून गरजेचा आहे. गोठ्यातील जनावरे, शेळ्यामेंढ्या, विहिरीवरील मोटार, खळ्यावरचे धान्य यांची राखण तो करतो. मेंढपाळ बांधवांचा तर तो रानातील सोबतीच होय.

कुत्र्याविषयी आपल्या मनात आपुलकीही आहे. दत्तात्रेयाच्या पायाशी चार श्वान असतात, हे नेवासे तालुक्यातील देवगडला जाणाऱ्या प्रत्येक भाविकाला ठाऊक आहे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्या कीर्तनांतून घरोघर पोहोचले आहेत. तेव्हा आज जे सांगावयाचे आहे ते कुत्र्याच्या विरुद्ध नाही. ते निष्काळजीपणाच्या विरुद्ध आहे.

धोकादायक कुत्रा कोणता?

येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. धोकादायक कुत्रा म्हणजे परदेशी जातीचा, रुंद जबड्याचा कुत्रा, अशी समजूत शहरांत दृढ होत आहे. इंग्लंडमध्ये १९९१ साली झालेल्या कायद्याने काही विशिष्ट जातींवर बंदी घातली, आणि पुढे त्या यादीत भरही पडली. आपल्या केंद्र शासनानेही मार्च २०२४ मध्ये २३ जातींच्या पैदाशीवर व विक्रीवर बंदी घालण्याविषयी राज्यांना परिपत्रक पाठविले होते. परंतु कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरविले. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून असा निर्णय करता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

जातीचा वाद क्षणभर बाजूला ठेवू. आपल्या वस्त्यांवर चावा घेणारा कुत्रा बहुधा गावरानच असतो. त्याला धोकादायक बनविते ती त्याची जात नव्हे, तर त्याला ठेवण्याची पद्धत. दिवसभर हातभर साखळीला उन्हात बांधलेला, कोणाची सवय नसलेला, मुलांनी दगड मारून चिडविलेला आणि रात्री एकदम मोकळा सोडलेला कुत्रा पहाटेच्या अंधारात दूध घालावयास निघालेल्या शेतकऱ्यावर धावून गेला, तर त्यात आश्चर्य कसले? कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. शेपटाविषयी ते खरे असेल. परंतु कुत्र्याच्या वागणुकीविषयी ते खरे नाही. पिल्लू असल्यापासून माणसांची सवय लावली तर तोच कुत्रा उत्तम राखणदार होतो, आणि ओळखीच्या माणसाला इजाही करीत नाही.

कायदा काय सांगतो

कायद्याच्या बाबतीत अशी समजूत आढळते की, 'कुत्रे म्हटले की चावायचेच, त्याला कायदा काय करणार?' ही समजूत चुकीची आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ पाहा. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मनुष्याच्या जीवितास अथवा त्यास गंभीर दुखापत होण्याचा संभव असेल, आणि तो टाळण्यासाठी पुरेशी व्यवस्था करण्यात कोणी जाणूनबुजून किंवा हयगयीने कसूर केली, तर त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या भारतीय दंड संहितेत हाच दंड एक हजार रुपयांपर्यंत होता. येथे 'हयगय' हा शब्द महत्त्वाचा आहे. कुत्रा चावावा अशी धन्याची इच्छा होती काय, हा प्रश्न नाही. त्याने पुरेशी काळजी घेतली होती काय, हा प्रश्न आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्येही हिंस्र कुत्रा मुसक्यावाचून रस्त्यावर मोकळा सोडण्यास आणि कोणाच्या अंगावर कुत्रा घालण्यास मनाई आहे.

या जबाबदारीची दुसरी बाजू प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्यास अवाजवी काळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरविण्याची हयगय करणे, ही या कायद्याप्रमाणे क्रूरता आहे. दोन्ही कायदे एकत्र वाचले म्हणजे ध्यानात येते की, ते परस्परविरोधी नाहीत. साखळी लांब असावी, रोज फिरविणे व्हावे, सावली व पाणी मिळावे, ही भूतदया तर आहेच. परंतु असा कुत्रा सहसा चावरा होत नाही, हा त्यातील व्यवहारही आहे.

भिंगारच्या छावणीचा नमुना

स्थानिक नियम कसे असावेत, याचा एक चांगला नमुना आपल्या दाराशीच आहे. जिल्ह्याच्या मुख्यालयालगत भिंगारची लष्करी छावणी आहे. अशा छावण्यांसाठी असलेल्या २००६ च्या कायद्यात, आणि त्यापूर्वीच्या १९२४ च्या कायद्यातही, कुत्र्यांची नोंदणी व नियंत्रण यांविषयी तपशीलवार तरतूद आहे. छावणी परिषदेने उपविधी करून क्षेत्रातील प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंदणी आवश्यक ठरवावी; नोंदलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा व त्यास परिषदेने दिलेला धातूचा बिल्ला असावा; बिल्ला नसलेला कुत्रा सार्वजनिक जागी आढळल्यास अडकवून ठेवता यावा, अशी तिची रूपरेषा आहे. आपला कुत्रा लोकांना त्रास देईल वा भेडसावील हे ठाऊक असताना त्याला मुसके व साखळी यांवाचून रस्त्यावर सोडणे हा तेथे दंडनीय अपराध आहे. रेबीजचा संशय असलेल्या प्राण्याने आपल्या कुत्र्याला चावा घेतल्याचे समजूनही परिषदेला न कळविणे, हादेखील अपराधच.

या तरतुदींचे सार तीन शब्दांत सांगता येईल: ओळख, आवर आणि खबर. कुत्रा कोणाचा आहे हे कळले पाहिजे, तो आवरलेला असला पाहिजे आणि धोका दिसताच खबर दिली गेली पाहिजे. महानगरपालिकांना श्वानकर बसविण्याचा अधिकार १९४९ च्या अधिनियमाने दिलेला आहे, आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पाळीव कुत्र्यासाठी परवाना घ्यावा लागतो.

ग्रामपंचायतीने काय करावे?

खेड्यात हीच तीन सूत्रे ग्रामसभेच्या संमतीने अमलात आणता येतील. ठरावाच्या बळावर नवा दंड मात्र निर्माण होत नाही. दंडास कायद्याचा आधार लागतो, आणि तो आधार आहे किंवा नाही हे पंचायत समितीकडून आधी तपासून घ्यावे. परंतु नोंद ठेवणे, लसीकरणाची शिबिरे भरविणे, लोकांनी आपसांत पाळावयाचे नियम ठरविणे आणि न पाळणाऱ्यास लेखी समज देणे यांस कोणाची आडकाठी नाही. अशी लेखी समज दप्तरी असली म्हणजे पुढे दुर्घटना घडल्यास हयगय सिद्ध करण्यास तीच उपयोगी पडते.

ग्रामसभेपुढे ठेवण्यासाठी पुढील बाबी सुचवाव्याशा वाटतात.

एक, घरपट्टीच्या नोंदवहीप्रमाणे पाळीव कुत्र्यांची एक साधी वही असावी. तीत धन्याचे नाव, वस्ती, कुत्र्याचा रंग व खूण आणि लस दिल्याची तारीख लिहावी.

दोन, पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीज प्रतिबंधक लस व त्यानंतर दरवर्षी एक लस द्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साह्याने वर्षातून एक दिवस ठरवून हे काम संपूर्ण गावात एकदम करावे. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन जगभर रेबीज दिन म्हणून पाळला जातो. तोच दिवस निवडता येईल. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. म्हणजे चार-दोन हौशी लोकांनी लस देऊन भागत नाही. गावाने मिळून द्यावी लागते.

तीन, शाळेच्या, दूध संकलन केंद्राच्या व पाणवठ्याच्या वाटेवरील वस्त्यांनी या वाटा वाहत्या असताना, विशेषतः पहाटे व शाळेच्या वेळी, कुत्रे आवरून ठेवावे. रात्री मोकळा सोडावयाचा असेल तर कुंपणाच्या आत सोडावा. टपालवाला, आशा कार्यकर्ती, वीजमापक वाचणारा कर्मचारी यांना हाक देता येईल अशी फाटकाची सोय असावी.

चार, एकदा चावा घेतलेल्या कुत्र्याला बाहेर नेताना साखळी व मुसके असल्यावाचून नेऊ नये.

पाच, नको झालेली पिल्ले माळावर किंवा दुसऱ्या गावाच्या शिवेवर सोडू नयेत. पाळलेला प्राणी असा टाकून देणे हा १९६० च्या अधिनियमाप्रमाणे अपराध आहे, आणि आजचे टाकलेले पिल्लूच उद्याचे मोकाट कुत्रे होते.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न

मोकाट कुत्री वाढली म्हणजे ती मारून टाकावीत, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेत उठते. तिच्यामागील भीती खरी आहे, तिची हेटाळणी करू नये. परंतु हा मार्ग नवा नाही आणि तो यशस्वीही झालेला नाही. मुंबईत इंग्रजी अमदानीत मोकाट कुत्री मारणाऱ्यास इनाम मिळत असे. त्यातून १८३२ साली तेथे मोठा दंगा उसळला. तेव्हापासून आजपर्यंत मुंबईतील कुत्री काही संपली नाहीत. एका गल्लीतील कुत्री मारली की उकिरड्यावरच्या अन्नासाठी दुसऱ्या गल्लीतील येतात. विष घालणे तर क्रूर आणि बेकायदेशीर आहेच. शिवाय ते विष गुरे, पक्षी व प्रसंगी मुले यांच्याही पोटात जाऊ शकते.

मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने प्राणी प्रजनन नियंत्रण नियम जारी करून २००१ चे नियम बदलले. त्यांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी असून त्यात पंचायतींचाही समावेश होतो. हे काम भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या केंद्रातच करावयाचे असल्यामुळे एकट्यादुकट्या ग्रामपंचायतीला ते झेपणे कठीण. तालुक्यातील नगरपरिषद व आसपासच्या ग्रामपंचायती यांनी एकत्र येऊन ते उभारणे हाच व्यवहार्य मार्ग होय. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी असे स्पष्ट केले की, नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री पूर्वीच्या जागी सोडावीत. मात्र रेबीजची बाधा वा संशय असलेली व आक्रमक कुत्री सोडू नयेत. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांना कुंपण करून तेथील मोकाट कुत्री हलविण्याचे व पुन्हा त्याच जागी न सोडण्याचे निर्देश न्यायालयाने दिले. शिक्षक बंधूंनी आपल्या शाळेचे कुंपण, फाटक आणि शालेय पोषण आहाराच्या उष्ट्याची विल्हेवाट या दृष्टीने तपासावी.

उकिरडा, कुत्री आणि बिबट्या

या प्रश्नाला आपल्या जिल्ह्यात आणखी एक कंगोरा आहे. अकोले परिसरात बिबट्यांच्या आहाराचा शास्त्रीय अभ्यास झाला. वजनाच्या हिशेबाने त्या आहारातील सुमारे ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा, आणि त्यातही सुमारे ३९ टक्के एकट्या कुत्र्यांचा आढळला. उसाच्या फडात आसरा घेणाऱ्या बिबट्याला वस्तीकडे ओढणारे मुख्य अन्न कोणते, याचे उत्तर यात आहे. कोंबड्यांची आतडी, मेलेली जनावरे आणि लग्नकार्यातील उष्टे उघड्यावर टाकले की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. उकिरडा झाकणे हे स्वच्छतेचे काम आपण समजतो. ते मुलांच्या संरक्षणाचेही काम आहे. राखणीचा कुत्रा रात्री बंदिस्त जागेत ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

चावा घेतल्यानंतर

सर्व काळजी घेऊनही चावा घेतला गेला तर काय करावे, हे प्रत्येक घरात पाठ असले पाहिजे. जखम ताबडतोब साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काहीही भरू नये. घट्ट पट्टी बांधू नये. आणि त्याच दिवशी शासकीय आरोग्य केंद्र गाठावे. लस तेथे विनामूल्य मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही धास्ती आता सोडून द्यावी. ती जुनी लस केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात. तिच्या चार किंवा पाच मात्रा, पद्धतीप्रमाणे ठरलेल्या दिवशी, घ्याव्या लागतात. जखम खोल असेल वा रक्त आले असेल तर जखमेत प्रतिद्रव्य, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, भरण्याचीही गरज असते. ते जवळ उपलब्ध नसल्यास मोठ्या शासकीय रुग्णालयात जावे.

कुत्रा पाळीव असेल तर तो दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावा. परंतु त्या निकालाची वाट पाहत लस लांबवू नये. चावणारा कुत्रा रागाच्या भरात मारून टाकला तर ही परीक्षाच नाहीशी होते, हेही लोकांना समजावून सांगावे.

आपल्या जिल्ह्यात दोन गटांकडे विशेष लक्ष देण्याची गरज आहे. पहिला गट लहान मुलांचा. कुत्र्याने ओरबाडले, चाटले, किंचित दात लागला, तर मूल मार बसेल या भीतीने घरी सांगत नाही. जखम भरून येते, सारे विसरतात, आणि रोग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उद्भवतो. मूल आईवडिलांपासून जे लपविते ते पुष्कळदा गुरुजींना किंवा बाईंना सांगते. म्हणून महिन्यातून एकदा वर्गात शांतपणे विचारावे: 'कोणाला कुत्रे चावले आहे का? सांगणाऱ्याला कोणी रागावणार नाही.' या एका प्रश्नाने एखादा जीव वाचू शकेल. पळू नये, दगड मारू नये, जेवणाऱ्या व पिल्लांजवळच्या कुत्रीला छेडू नये, हेही मुलांना शिकवावे.

दुसरा गट ऊसतोडणी कामगारांचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील कुटुंबे हंगामात अड्ड्यावर राहावयास जातात. कोपीत रात्री उघड्यावर निजणाऱ्या मुलाला कुत्रे चावते, पहिली मात्रा एका गावी मिळते, आणि पुढची मात्रा येईपर्यंत टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. अर्धवट उपचार म्हणजे पुरे संरक्षण नव्हे. उपचाराचा कागद जपून ठेवावा आणि उरलेल्या मात्रा जेथे असाल तेथील शासकीय केंद्रात घ्याव्यात, हे मुकादमापासून शिक्षकांपर्यंत सर्वांनी त्यांच्या कानी घालावे. अड्डा ज्या गावच्या शिवारात असेल त्या ग्रामपंचायतीने ही माणसे परगावची म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवू नये.

बंधु-भगिनींनो, कुत्र्यांपासून माणसांना होणारा रेबीज २०३० पर्यंत नाहीसा करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र शासनाने २०२१ साली जाहीर केला. आराखडे दिल्लीत तयार होतात. परंतु वहीतील नोंद गावात होते, लस गावात टोचली जाते आणि मुलाला प्रश्न गावच्या शाळेत विचारला जातो. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवावी: 'पाळीव कुत्र्यांची नोंद व लसीकरण.' तेवढ्या ओळीसाठी निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. शिबिराची तारीख ठरवून ती पशुवैद्यकीय दवाखान्यास लेखी कळवावी, आणि त्या दिवशी सरपंचांनी आपल्या घरचा कुत्रा साखळीला धरून सर्वांत पुढे उभे राहावे. बाकीचे गाव मागून येईल.